हजेरीतला हत्ती

या माउली, या बाबा, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं. सतरंजी मोठी आहे आणि गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. गोष्ट आपल्याच पुण्यातली, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातली. एक बँक बुडाली, बुडवणाऱ्यांनी हात झटकले आणि त्यांचे हात कुणी कसे धरले, ते सांगणार आहे. ऐकून उठाल तेव्हा छाती दोन बोटं रुंद झालेली असेल, हा माझा शब्द. पांडुरंगा, माझी जीभ सरळ ठेव, एवढं कर.

तर, वैशाख होता. भुसार बाजारात पत्र्याखाली सकाळी नऊलाच अंग भाजायला लागायचं. गोदाबाई खोडके पाय पसरून तूर पाखडत होती. फोलपट उडून घामावर चिकटत होतं. भुवयांत, गळ्यात, पोलक्याच्या बाहीत. वीस वर्षं ती धान्य निवडत होती. खडा डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या बोटांना कळायचा. त्या वीस वर्षांत तिच्या उजव्या हाताला द्वारकाबाई बसायची. तंबाखूची डबी दोघींत एक, भाजीचा डबाही एक. आता द्वारकाबाई समोरच्या गाळ्याच्या पायरीवर बसायची, पाठ करून.

पाठ केली तरी तोंड बंद नव्हतं.

"काही बायांचे नवरे डायरेक्टर असतात गं," ती शेजारणीला सांगत होती, आवाज बरोब्बर रस्ता ओलांडेल एवढा. "आपल्या नवऱ्यांची नुसती हाडं मोडतात."

गोदाबाईनं सूप जोरात आपटलं. द्वारका खोटं बोलत नव्हती.

गोदाबाईचा नवरा बद्रीनाथ हा हमालांचा मुकादम. बहात्तरच्या दुष्काळात वाशीमकडून पुण्यात आला तो पाठीवर पोतं घेऊनच उभा राहिला. चौदा जणांची टोळी त्याच्या हाताखाली. सहा वर्षांपूर्वी 'धान्यलक्ष्मी सहकारी बँके'चे अध्यक्ष आप्पासाहेब भोगले स्वतः टोळीत आले. आप्पासाहेब म्हणजे गुळाचे मोठे व्यापारी. त्यांनी बद्रीनाथच्या गळ्यात हार घातला. "कष्टकऱ्यांचा माणूस आमच्या संचालक मंडळात पाहिजे," म्हणाले. बद्रीनाथ चौथी शिकलेला. पहिल्या सभेला गेला तो गादीच्या खुर्चीच्या कडेवर दोन तास बसून आला, आणि घरी येऊन म्हणाला, "गोदे, खुर्ची अशी मऊ की बसल्यासारखंच वाटंना."

त्याच भरात त्यानं हमालांचा पडझड फंड त्या बँकेत ठेवला. प्रत्येक हमाल रोजचे वीस रुपये त्यात टाकायचा. कुणाचं हाड मोडलं, पाठ गेली, तर त्यातून इलाज व्हायचा. दहा-अकरा वर्षांत नऊ लाख साठले होते. मग एका सकाळी बँकेच्या दाराला कुलूप दिसलं. मॅनेजर फरार झाला होता. सहा कोटींचं एक कर्ज खराडीच्या एका कंपनीला दिलेलं होतं. खराडीला म्हणे काँप्युटरचं गाव वसणार होतं. जागेवर जाऊन पाहिलं तर गाजरगवत, तारेचं कुंपण आणि एक पाटी. कंपनी निघाली आप्पासाहेबांच्या जावयाची.

सरकारच्या विम्यातून एका खात्याला एक लाख मिळायचे. चौदा घरांचा फंड, पण खातं एक. म्हणून एकच लाख आला, आणि तोही वर्ष उलटल्यावर. मधल्या काळात द्वारकाबाईचा नवरा बापूराव साखरेचं पोतं घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरला. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत आत स्टीलची पट्टी बसवली तर पुन्हा चालेल. पट्टीचे पैसे फंडात, फंड बँकेत, बँकेला कुलूप. हाड वाकडं जुळलं. शंभर किलोचं पोतं गाण्याच्या ठेक्यात नेणारा बापूराव आता मोरीपर्यंत भिंत धरून जायचा.

म्हणून द्वारका पाठ करून बसायची.

त्या आठवड्यात नोटीस आली. गोदाबाईची मुलगी नम्रता कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं दारात उभं राहूनच वाचली. बुडालेली रक्कम संचालकांच्या खिशातून भरून घ्यायची की नाही, याची चौकशी लागली होती. खराडीचं कर्ज ज्या सभेत मंजूर झालं, तिला हजर कोण होतं, ते बुधवारी सांगायचं होतं.

"म्हणजे कसं?" गोदाबाईनं विचारलं.

"सिंपल आहे आई. सभेचं रजिस्टर गायब झालंय. जो डायरेक्टर म्हणेल 'मी नव्हतो', तो सुटणार. जो म्हणेल 'होतो', त्याच्यावर रिकव्हरी." नम्रतानं कागदाची घडी घातली. "आणि आपल्याकडे रिकव्हरीला ही खोलीच आहे."

ती खोली म्हणजे हमालांच्या सोसायटीतली दहा बाय बाराची जागा. गोदाबाईनं तिचे हप्ते तुरीच्या फोलपटातून फेडले होते, असं म्हटलं तरी चालेल.

रविवारी सकाळी आप्पासाहेब आले. सोबत वकील. दोघांना बसायला एकच खुर्ची, म्हणून वकील पिंपावर टेकला. गोदाबाईनं चहा ठेवला. आप्पासाहेब कपाळाला बुक्का लावून आले होते. यार्डातल्या देवळात हरिनाम सप्ताह चालू होता आणि तो दरवर्षी त्यांच्याच खर्चानं व्हायचा.

"बद्रीनाथ, बुधवारी काय सांगणार तू?"

"काय सांगू साहेब?"

"आपण कुणीच त्या सभेला नव्हतो. मी महाबळेश्वरला. तांदळाचे गांधे दवाखान्यात. सगळ्यांचं ठरलंय. मॅनेजरनं परस्पर केलं, सह्या घरी येऊन घेतल्या. तू पण तेच म्हण. तू तर गरीब माणूस, कोण अविश्वास दाखवील?"

बद्रीनाथ जमिनीकडं बघत होता. त्याच्या मानेच्या मागं पोत्यांनी केलेला काळा कडक गठ्ठा होता, तिथं तो बोटानं खाजवत होता.

"पण साहेब, मी होतो की."

वकील हसला. "अहो मुकादम, होतो म्हणालात तर ही खोली गेली. हे पाहा, मी कायदा सांगतोय, धमकी नाही."

"आणि नम्रताचं शिक्षण संपत आलंय ना?" आप्पासाहेब उठता उठता म्हणाले. "जावयाच्या ऑफिसात काँप्युटरवर जागा आहे. वहिनी, चहा छान झाला हं."

ते गेल्यावर बराच वेळ कुणी कप उचलले नाहीत. बद्रीनाथ कामावर गेला आणि त्या दिवशी त्याच्या हातून एक पोतं निसटलं. टोळीतल्या पोरांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी कीर्तन होतं. पूर्वी बद्रीनाथ टाळ घेऊन बुवांच्या मागं उभा राहायचा. बँक बुडाल्यापासून कुणी त्याला 'नको' म्हणालं नव्हतं; फक्त तो जवळ आला की टाळकरी एकमेकांना खेटून उभे राहायचे, मध्ये जागाच उरायची नाही. म्हणून तो चपलांपाशी बसला. गोदाबाई बायकांत जाऊन बसली तशी तिच्या आजूबाजूची सतरंजी हळूहळू रिकामी झाली. पहिल्या रांगेत आप्पासाहेब डोळे मिटून डोलत होते.

बुवा नगरकडचे, काळेसावळे, आवाज मात्र पहाटेच्या घंटेसारखा. निरूपणात आले आणि एकदम थांबले. चिपळ्या खाली केल्या.

"मायबाप, माणसाजवळ दोन 'मी' असतात बरं का. लेकाचं लग्न चांगलं झालं, कुणी केलं? मी केलं. घर बांधलं, कुणी? मी. आणि घराचं छप्पर शेजाऱ्याच्या डोक्यावर पडलं, तेव्हा तुम्ही कुठं होता? मी? मी नव्हतोच! मी तर गावाला गेलो होतो!" लोक हसले. बुवा हसले नाहीत. "देव तुमची पूजा मोजत नाही, माझ्या राजांनो. तो एवढंच विचारतो, छप्पर पडलं तेव्हा तू होतास का? 'होतो' म्हणणाऱ्याला तो उचलून घेतो. 'नव्हतो' म्हणणाऱ्याला म्हणतो, बरं, मग इथंही तू नाहीस."

मृदंगावर थाप पडली. गोदाबाईनं मान वळवून चपलांकडं पाहिलं. बद्रीनाथ तोंडावर उपरणं धरून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली. तो हात लावीना.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"टोळीत पोतं फुटलं तर भरपाई कुणाच्या मजुरीतून जाते?"

"त्या दिवशी जे हजर, त्या सगळ्यांच्या. ज्यानं पाडलं तोच एकटा भरत नाही."

"आणि तुम्ही मुकादम. तुमचा वाटा?"

"माझा पण जातो. पहिला जातो."

"तर मग बँकेचं पोतं फुटलं तेव्हा तुम्ही हजर होता का न्हाई?"

बद्रीनाथनं तिच्याकडं पाहिलं. "होतो."

"झालं तर. जेवा."

"आणि खोली?"

"वाशीमहून आलो तेव्हा कुठं होती खोली? पत्र्याखाली राहिलो, पुन्हा राहू. पण द्वारकीची पाठ बघत मला मरायचं न्हाई."

नम्रता अभ्यास सोडून ऐकत होती. वडिलांना ती दादा म्हणायची. म्हणाली, "पण दादा, तुम्ही एकटे 'होतो' म्हणालात तर बाकीचे सुटतील आणि तुम्हीच अडकाल. त्यांच्याविरुद्ध प्रूफ काय?"

बद्रीनाथ घुटमळला. मग उठला, ट्रंकेतून मुकादमीच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाला, "हसू नका. तिथं सगळं इंग्रजी चालायचं. मला काय कळतंय? हात मोकळे राहिले की मला सुधरत न्हाई. मग मी आपली हजेरी मांडायचो."

"कुणाची?"

"डायरेक्टरांची."

नम्रतानं वही उघडली. सकाळी कुठला ट्रक उतरवला, टोळीत कोण होतं, कोण अर्ध्या दिवसानं आलं. त्याखाली, जिथं सभा असेल त्या दिवशी, एक आडवी रेघ आणि रेघेखाली चित्रं. हत्ती. मोर. घोडा. त्रिशूळ. कमळ. ससा. प्रत्येकासमोर एक उभी रेघ; उशिरा आला असेल तर अर्धी.

"हे काय आहे दादा?"

"त्यांची आडनावं लिवायला मला लई येळ लागतो. मग मार्का काढला."

गोदाबाईला वाचता येत नव्हतं, पण ते पान तिला एका दमात वाचता आलं. यार्डातल्या कुणालाही आलं असतं. प्रत्येक व्यापाऱ्याच्या पोत्यावर त्याचा मार्का असतो. हमाल नावं वाचत नाहीत, मार्का बघून पोतं बरोबर गाळ्यात नेतात. हत्ती म्हणजे आप्पासाहेबांचा गूळ. मोर म्हणजे गांध्यांचा तांदूळ.

ऑगस्टच्या त्या तारखेच्या पानावर सगळे होते. सशाची रेघ अर्धी होती.

बुधवारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. चौकशीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. संचालक लोक एकेका मजल्यावर थांबून धापा टाकत होते. त्यांच्या मागून, बद्रीनाथ काय सांगतो ते ऐकायला, टोळी आली. चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली होती आणि खुर्चीत बापूराव बसला होता. द्वारकाबाई पदर खोचून पुढं चालली होती.

"बाजूला व्हा शेठ," एक हमाल म्हणाला, "नाजूक माल हाय."

"जोरात आपटू नका रे," बापूराव वरून ओरडला, "आधीच माझा विमा न्हाई!"

तिन्ही जिने चौघांनी न थांबता चढले. गांधे शेठ कठड्याला धरून बघत राहिले.

चौकशी अधिकारी श्यामला आपटे, सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी, जाड चष्मा, टेबलावर पाण्याचा तांब्या. त्यांनी एकेकाला विचारलं. आप्पासाहेब महाबळेश्वरला होते. गांधे दवाखान्यात होते. घोडा लग्नाला, त्रिशूळ तीर्थाला, कमळ तापानं अंथरुणात. सशाला आठवतच नव्हतं.

"म्हणजे सहा कोटी रुपये रिकाम्या खुर्च्यांनी मंजूर केले," श्यामलाबाई म्हणाल्या. "खुर्च्यांवर वसुली लावू का मी?"

मग बद्रीनाथला बोलावलं. तो टेबलापुढं उभा राहिला तो पोतं घ्यायला वाकावं तसा, गुडघे किंचित मोडून. गोदाबाई मागच्या भिंतीशी होती.

"सभेला कोण कोण होतं?"

"सगळे होते बाई. माझ्याकडं हजेरी हाय."

वही टेबलावर गेली. वकिलानं मान वाकवून पाहिलं आणि खो खो हसला. "मॅडम, हे प्राणिसंग्रहालयाचं रजिस्टर आहे का?"

"प्राणी समोर बसलेले दिसताहेत," श्यामलाबाई पान उलटत म्हणाल्या. "नावं तेवढी लावायची आहेत. मुकादम, हा हत्ती कोण?"

"आप्पासाहेब."

"साफ खोटं!" आप्पासाहेब उठले. "हत्ती म्हणजे मी कशावरून? हत्ती कुणीही असेल."

"बरोबर आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला, वर पेन ठेवलं. "लिहून द्या. 'हत्ती हे चिन्ह माझे नाही. त्यावर माझा कोणताही हक्क नाही.' खाली सही, तारीख."

आप्पासाहेबांनी पेन उचललं. दाराबाहेर जिन्यापर्यंत हमाल उभे होते, आणि हमालांत बाजारातले दोन दलालही.

"लिहा की शेठ," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "शेजारच्या गाळ्यात तुमचे चुलतभाऊ बारा वर्षं हत्तीची वाट बघतायत. उद्या सकाळी त्यांच्या पोत्यावर मारून देतो आम्ही."

हसू फुटलं ते जिन्यावरून खाली गडगडत गेलं. आप्पासाहेबांच्या हातातलं पेन कागदाच्या वर अधांतरी राहिलं. तीन पिढ्यांचा मार्का. कोल्हापूरपासून सुरतेपर्यंत हत्ती बघून गूळ घ्यायचे लोक. त्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकावर ओघळला. पेन हळूच खाली आलं आणि टेबलावर आडवं झालं.

"मोर कुणाला लिहून द्यायचाय?" श्यामलाबाईंनी विचारलं. "घोडा? कमळ?"

कुणी उठलं नाही. ससा मात्र एकदम बोलला, "मॅडम, माझी अर्धी हजेरी आहे, तेवढं बघा. मी उशिरा आलो होतो." आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं तोंडावर हात ठेवला.

वकील शेवटचं म्हणून उभा राहिला. आवाज आता चिरका झाला होता. "ठीक. पण मग नोंद व्हावी की हा साक्षीदारही हजर होता. याच्यावरही जबाबदारी येते."

श्यामलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुकादम, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

बद्रीनाथनं मागं वळून गोदाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. सूप झटकताना हलते तेवढीच, एकदा.

"कळतो बाई. लिवा. आमच्यात पोतं फुटलं की हजर असलेले सगळे भरतात. मुकादम पहिला भरतो. या बापूरावाचा खुबा माझ्या सहीनं वाकडा झालाय. मला इंग्रजी कळत न्हवतं, पण 'कळत न्हाई' असं म्हणता येत होतं, ते मी म्हणालो न्हाई. खुर्ची मऊ होती म्हणून गप बसलो." त्यानं हात जोडले, ते अधिकाऱ्याला नव्हे, बापूरावाला. "लिवा माझं नाव. उभी पूर्ण रेघ."

बापूरावानं खुर्चीतून हात पुढं केला आणि बद्रीनाथच्या दंडाला पकडून जरा हलवलं, ट्रकवरून खाली उतरणाऱ्याला खालचा माणूस धरतो तसं.

श्यामलाबाईंनी त्या पानावरचे ट्रकचे नंबर बाजाराच्या गेटवरच्या नोंदींशी ताडून घेतले. एक न् एक जुळला. वही नंतर बनवलेली असती तर चार वर्षांपूर्वीचे ट्रक कुठून आणले असते? चार महिन्यांनी निकाल आला. सहाही संचालक सहा कोटींना व्याजासकट जबाबदार. बद्रीनाथ खोडके, लाभ घेतलेला नाही परंतु कर्तव्यात कसूर, रुपये बारा हजार चारशे.

टोळीनं वर्गणीसाठी टोपी फिरवायला काढली. बद्रीनाथनं ती बंद करवली. "डायरेक्टर मी झालतो, तुम्ही न्हाई." सरत्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात त्यानं दुसऱ्या टोळ्यांचे ट्रकही उतरवले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. रात्री गोदाबाई त्याच्या पाठीला मिठाच्या पुरचुंडीचा शेक द्यायची आणि तो उशीत तोंड खुपसून नामस्मरण करायचा. मध्येच कण्हणं, मध्येच विठ्ठल. पाच महिन्यांत रक्कम भरली. पावतीवर क्रमांक होता एक. सहा कोटींच्या वसुलीतली पहिली पावती हमालाची! पेपरात बातमी आली: 'हमालाने भरले, शेठ कधी भरणार?' मग बाजारात आप्पासाहेब जिथं जातील तिथं कुणीतरी सहज विचारायचं, "दोन नंबरची पावती कुणाची हो?"

शेठ अपिलात गेले. एक अपील हरले, दुसरं हरले. दोन वर्षं गेली. आणि देवाची लीला बघा: एवढ्यात खराडीला खरंच काँप्युटरच्या काचेच्या इमारती उठल्या. त्या गाजरगवताच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. वसुली अधिकाऱ्यांनी ती जमीन लिलावात काढली, बंगले जप्त केले, आणि एका सोमवारी हत्ती छापाच्या गाळ्याला सील ठोकायला आले. आत अकराशे गुळाच्या ढेपा होत्या. त्या बाहेर काढायला हमाल हवे होते, आणि बाजाराच्या नियमानं त्या गाळ्याची टोळी ठरलेली होती. बद्रीनाथची.

सगळा भुसार बाजार बघायला उभा राहिला. ढेपा एकामागून एक बाहेर आल्या. गुळाचा वास, माश्यांची झुंबड, घामानं चमकणाऱ्या पाठी. टोळीला ठेका सापडला आणि कुणीतरी नाम धरलं. पाऊल टाकताना विठ्ठल, ढेप टाकताना विठ्ठल. बद्रीनाथ सगळ्यांत पुढं. त्याच्या मागच्या हमालानं आवाज दिला तसा त्यानं वरचा सूर लावला, आणि सगळ्या टोळीनं त्याच्या मागं ओढला. तिथं त्याला जागा करून द्यायला कुणाला सरकावं लागलं नाही.

आप्पासाहेब उन्हात उभे होते. डोक्याला टोपी नव्हती. गोदाबाईनं तांब्याभर पाणी आणि फुटलेल्या ढेपेतला खडा त्यांच्यापुढं धरला. उन्हात आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायचं, एवढं तिला माहीत होतं. तो माणूस कोण, हे त्या वेळी बघायचं नसतं. त्यांनी पाणी घेतलं.

"बद्रीनाथ," ते म्हणाले, "मी तुला खुर्चीवर बसवलं आणि तू मला बुडवलंस."

बद्रीनाथनं खांद्यावरची ढेप सावरली. "न्हाई साहेब," तो म्हणाला, "मी नुसती हजेरी घेतली." आणि पुढं चालायला लागला.

वर्षाअखेरीला ठेवीदारांना पैसे परत मिळाले, सगळ्यांना, सगळे. पडझड फंडाचे आठ लाख चेकनं आले. पहिली मदत कुणाला, यावर टोळीत चर्चासुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाई हरभरा निवडत होती. अंगावर सावली पडली. वर पाहिलं तर द्वारकाबाई, काखेत सूप.

"सरक," द्वारकाबाई म्हणाली.

गोदाबाई सरकली. दोघींनी बराच वेळ हरभरा निवडला. मग द्वारकाबाईनं कंबरेची डबी काढली, आधी गोदाबाईपुढं केली आणि म्हणाली, "तुझा नवरा डायरेक्टर होता तेव्हा एक पेढा खाल्ला न्हाई मी त्याच्या हातचा. आता आण म्हणावं."

दोघी इतक्या हसल्या की सुपातला हरभरा सांडला.

तर मायबाप, गोष्ट इथं संपली. चोरांना धरलं, पैसा आला, सखी परत येऊन बसली. टाळी वाजवा, जरूर वाजवा. फक्त एक मागणं आहे. पैसे आले ते उशिरा आले. बापूरावाचं हाड वाकडं ते वाकडंच राहिलं. पुढच्याच माघात, भिंत धरून मोरीकडं जाताना, तो गेला. त्याचं नाव कुठल्या निकालपत्रात नाही. उद्या सकाळी अंघोळ करून देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावात हे एक नाव घाला: बापूराव, गुलटेकडीचा हमाल, शंभर किलो ठेक्यात नेणारा. एवढं लक्षात ठेवा.